गुलाबाला फळ येतं, आणि ते खाताही येतं

आमच्या जुळे सोलापुरातल्या गच्चीवर गावठी गुलाबाची दोन झाडं आहेत. रोज पहाटे पूजेसाठी फुलं तोडली जातात. एखादं राहून गेलं, तर सासूबाई दुसऱ्या दिवशी ते देठाच्या गाठीसकट खुडून टाकतात. "वाळलेलं फूल झाडावर ठेवू नये, पुढची कळी रुसते," असं त्या म्हणतात. गेल्या दिवाळीत आम्ही आठ दिवस गावी गेलो आणि दोन फुलं तशीच राहिली. पाकळ्या गळाल्या, पण मागच्या हिरव्या गाठी गळेनात. त्या फुगत गेल्या, मग पिवळट झाल्या, आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपता संपता बोराएवढ्या दोन नारिंगी-तांबड्या गोळ्या फांदीवर दिसू लागल्या.

पुतणी कॉलेजातून आली होती. तिनं पाहिलं आणि ओरडलीच, "काकू, हे तर माझ्या तेलाच्या बाटलीवरचं फळ!" बाटलीवर 'रोझहिप ऑइल' लिहिलेलं आणि खाली ठळक अक्षरांत 'सी जीवनसत्त्वानं परिपूर्ण'. बाटली महाग होती. तेव्हापासून घरात प्रश्नांची रांग लागली. हे फळ कसलं, खातात का, तेलात खरंच सी असतं का, सांधेदुखीवर त्याची पूड विकतात ती कशाची? शेजारच्या दोघीतिघींनीही हेच विचारलं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

रोझहिप म्हणजे गुलाबाचं फळ. मी त्याला बोंड म्हणणार आहे, कारण कपाशीच्या बोंडासारखंच तेही फुलाच्या मागे धरतं आणि त्याच्या पोटात बी असतं.

सासूबाईंचं म्हणणं आधी सांगते, कारण ते अगदी बरोबर आहे. परागीकरण होऊन बोंड धरलं की झाड आपली ताकद बी पोसण्याकडे वळवतं आणि नव्या कळ्या कमी काढतं. म्हणून फुलं हवी असतील तर वाळलेलं फूल खुडायचं, आणि फळ हवं असेल तर सोडायचं. दक्षिण सोलापुरात वडजीसारख्या गावांत गुलाबाची शेती आहे. तिथली फुलं हारांसाठी, गुलकंदासाठी, गुलाबपाण्यासाठी उजाडायच्या आत तोडली जातात. त्यामुळे बोंड धरायला फूल झाडावर उरतच नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांनी आयुष्यभर गुलाब पाहूनही त्याचं फळ पाहिलेलं नसतं, ते यामुळेच.

दुसरंही एक कारण आहे. बाजारातल्या भरगच्च गुलाबात जास्तीच्या पाकळ्या आल्या कुठून? मूळच्या रानगुलाबाला पाचच पाकळ्या असतात. माणसानं निवड करत करत पुंकेसरांच्या जागी पाकळ्या आणल्या. पुंकेसर घटले की पराग घटला, आणि दाट पाकळ्यांतून मधमाशीलाही आत शिरता येत नाही. म्हणून फूल जितकं भरीव, तितकी बोंडाची आशा कमी. काही संकरित जातींना तर बी धरतच नाही.

दोन बोंडांपैकी एक मी विळीवर उभं चिरलं. वरची साल आणि गर मिळून जेमतेम दोन मिलिमीटर. आत गर नव्हताच, दहा-बारा टणक, कोनेदार, फिकट बिया होत्या आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या केसांची दाट लव. वाटलं कापसासारखी मऊ असेल, म्हणून बोटानं बाजूला सारली. पाच मिनिटांत बोटांच्या बेचक्यात खाज सुटली, ती थेट संध्याकाळपर्यंत. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की काय होतं, ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. फरक एवढा, की खाजकुइलीच्या केसांत खाज आणणारं रसायन असतं, तर गुलाबाच्या बोंडातले केस निव्वळ टोचतात. युरोपात पोरं हीच लव सुकवून एकमेकांच्या सदऱ्यात टाकतात. हेच केस घशात आणि आतड्यातही टोचतात. म्हणून बोंड कधीही अख्खं चावून खायचं नाही. पुढे सरबताची कृती सांगितली आहे, तिच्यातली सगळी गाळागाळ या केसांसाठीच आहे.

वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीनं इथे एक गंमत आहे. आपण ज्याला बोंडाचा गर म्हणतो, तो खरं तर फुलाचं बूड आहे. फुलाच्या देठाचं टोक पेल्यासारखं खोलगट असतं, त्याला पुष्पासन म्हणतात. तो पेलाच फुगून मांसल होतो. खरी फळं म्हणजे आतले ते टणक दाणे; प्रत्येक दाणा हे एकेक कोरडं फळ आणि त्याच्या आत बी. सफरचंदातही खाण्याजोगा गर मुख्यतः अशाच फुगलेल्या पेल्याचा असतो. घरात सफरचंद असेल तर देठाच्या उलट बाजूचा खळगा पाहा. तिथे वाळलेली पाच टोकं दिसतील. ती फुलाखालची हिरवी पानं, म्हणजे निदलं. माझ्या बोंडाच्या टोकालाही तशीच पाच वाळकी निदलं होती. गुलाब, सफरचंद, नासपती, स्ट्रॉबेरी, बदाम ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत.

आता मुख्य मुद्दा, सी जीवनसत्त्व. ते नीट कळलं की बोंडाचा चहा, पूड, सरबत आणि तेल या सगळ्यांची पारख आपली आपल्याला करता येते.

शरीरात सीचं मोठं काम कोलॅजेन बांधण्याचं. कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती, कुर्च्या, हाडं या सगळ्यांना धरून ठेवणारा धागा म्हणजे कोलॅजेन. सोलापूरकराला हे समजावणं सोपं आहे. चादरीच्या कारखान्यात ज्यानं सूत हाताळलंय, त्याला ठाऊक असतं की पदर एकत्र आणून पीळ दिला तरच धागा ताण सोसतो. कोलॅजेनही तीन पदरी पिळाचा धागा आहे. हा पीळ टिकावा म्हणून पदरांवर ठरावीक जागी छोटे रासायनिक जोड बसवावे लागतात आणि ते बसवणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) सी लागतं. सी नसेल तर पीळ सैल राहतो. मग हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, दात हलतात. याच रोगाला स्कर्व्ही म्हणतात.

गाय, शेळी, कुत्रा हे प्राणी सी स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस, माकडं आणि गिनीपिग यांना ते जमत नाही. ते तयार करणाऱ्या साखळीतलं शेवटचं विकर देणारा जनुक आपल्यात बिघडलेला आहे. म्हणून आपल्याला ते रोज ताटातून घ्यावं लागतं. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशी याच उणिवेनं मरत. 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं आजारी 12 खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेले दोघं सगळ्यांत लवकर उठून कामाला लागले. पण त्या फळातला नेमका पदार्थ कोणता, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी 1928 मध्ये तो वेगळा काढला आणि 1937 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता बोंडाची श्रीमंती पाहू. 100 ग्रॅम ताज्या रानगुलाबाच्या बोंडात साधारण 426 मिलिग्रॅम सी असतं. तेवढ्याच संत्र्यात 50 च्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार दिवसाला पुरुषाला 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम सी लागतं. म्हणजे पंधरा-वीस ग्रॅम ताज्या गरात दिवसाची गरज भागते. मात्र हा आकडा जातीप्रमाणे, हवामानाप्रमाणे आणि पिकण्याच्या अवस्थेप्रमाणे बराच खालीवर होतो. माझ्या गच्चीवरच्या बोंडात तेवढंच असेल असं धरून चालू नका.

या श्रीमंतीचा एका देशानं खरोखर उपयोग करून घेतला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे ब्रिटनला बाहेरून संत्री आणणं अवघड झालं. लहान मुलांना सी द्यायचं कशातून? तिथल्या शेतांच्या कुंपणांत रानगुलाब मुबलक होता. 1941 मध्ये सरकारनं बोंडं गोळा करण्याची मोहीम काढली. शाळकरी मुलं, स्काउट, बायाबापड्या टोपल्या घेऊन कुंपणं धुंडाळू लागली. गोळा झालेल्या बोंडांचं सरबत कारखान्यात बनायचं आणि बाटल्यांतून घरोघरी बाळांसाठी जायचं. मला या गोष्टीत सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की अडचणीच्या वेळी कुणीतरी कुंपणाकडे नीट पाहिलं.

त्या सरबताच्या कृतीतली एक सूचना फार विचारपूर्वक दिलेली होती. बोंडं आधी चिरून ठेवू नका, पाणी खळखळ उकळत असतानाच ती जाडसर कुटून लगेच त्यात टाका. सी उष्णतेनं नासतं, मग उकळत्या पाण्यात कशाला टाकायचं? त्याचं उत्तर असं. फळ चिरलं की त्याच्याच पेशींतलं एक विकर मोकळं होतं आणि हवेतल्या प्राणवायूच्या मदतीनं सी खाऊ लागतं. उकळतं पाणी त्या विकराला क्षणात निकामी करतं. उष्णतेनं थोडं सी जातं, पण विकर तसंच राहिलं तर त्याहून जास्त जातं. म्हणजे सीच्या तीन खोडी ध्यानात ठेवायच्या: ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही, हवा आणि लांबलेली उष्णता त्याला सोसत नाही, आणि तांबं किंवा लोखंड लागलं की ते भराभर नासतं.

तिसरी खोड आपल्या स्वयंपाकघरासाठी महत्त्वाची. बोंडांचं सरबत, किंवा आवळ्याचंसुद्धा, बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात किंवा लोखंडी कढईत करू नये. स्टील किंवा काच वापरावी.

कुणाच्या अंगणात एकेरी पाकळ्यांचा गुलाब असेल आणि ओंजळभर बोंडं जमली, तर कृती अशी. बोंडं पूर्ण तांबडी आणि दाबल्यावर किंचित मऊ लागणारी घ्या. थंड देशांत पहिलं हिव पडल्यावर ती मऊ आणि गोड होतात. आपल्याकडे हिव पडत नाही, पण रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली तरी बर्फामुळे पेशी फुटतात आणि गर मऊ होतो. स्टीलच्या पातेल्यात बोंडांच्या तिप्पट पाणी खळखळ उकळा. बोंडं खलबत्त्यात भरड कुटा आणि लगेच पाण्यात टाका. पुन्हा उकळी फुटली की गॅस बंद करा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग मलमलच्या चौपदरी फडक्यातून गाळा. चोथा दाबून पिळू नका, केस खाली उतरतात. फडकं धुऊन, किंवा दुसरं घेऊन, तोच रस पुन्हा गाळा. या दुसऱ्या गाळणीचा कंटाळा करू नका. मग रसाच्या निम्म्यानं साखर घालून पाच मिनिटं उकळा आणि गरम असतानाच उकळून घेतलेल्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये अंधारात ठेवा. चव आंबटगोड, थोडी चिंचेच्या अंगानं जाणारी. बाटली उघडली की आठवड्यात संपवा.

आणि एक सांगते, फुलवाल्याकडच्या किंवा पॉलिहाऊसच्या गुलाबाचं बोंड तोंडात घालू नका. शोभेच्या फुलांवर जी औषधं फवारतात ती खाण्याच्या पिकासाठीची नसतात, आणि काही औषधं झाडाच्या आत भिनतात, वरून धुऊन जात नाहीत.

जगात इतरत्र या बोंडाला घराघरात मान आहे. स्वीडनमध्ये त्याचं दाटसर गोड सूप करतात, तिथे त्याला न्यूपॉनसोप्पा म्हणतात. जर्मनीत आणि तुर्कस्तानात त्याचा तांबूस आंबट चहा पितात. तुर्कीत त्याचा मुरंबाही असतो. लडाखच्या कोरड्या डोंगरांत रानगुलाबाची झुडपं आहेत आणि तिथेही बोंडं खाल्ली जातात.

आता बाजारात जे मिळतं त्याकडे वळू. चहासाठी वाळवलेली बोंडं मिळतात. वाळवताना आणि डब्यात पडून राहताना सीचा मोठा भाग गेलेला असतो. उरलेलं मात्र पाण्यात उतरतं, त्यामुळे चहा अगदीच फुकट जात नाही. उकळून पाणी आटवू नका, गरम पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटं झाका आणि बारीक गाळणीनं गाळा. चवीसाठी जरूर प्या. सीसाठी पिणार असाल, तर पुढचं वाचून ठरवा.

सांधेदुखीच्या पुडीमागे थोडं संशोधन आहे. डेन्मार्क आणि नॉर्वेमध्ये बिया आणि गर एकत्र दळून केलेल्या पुडीवर चाचण्या झाल्या. अशा तीन चाचण्या एकत्र करून 2008 मध्ये निष्कर्ष मांडला गेला. एकूण रुग्ण 287. गुडघा आणि खुब्याच्या झिजेच्या दुखण्यात थोडा आराम पडतो असं दिसलं. थोडा, आणि तोही काही महिन्यांपुरता पाहिलेला. झीज भरून निघते असं कुणी दाखवलेलं नाही. आमच्या गल्लीतल्या एक मावशी डॉक्टरांची गोळी बंद करून ही पूड सुरू करणार होत्या, त्यांना मी हेच सांगितलं. गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. मूतखड्याचा त्रास असेल किंवा अंगात लोह साठण्याचा आजार असेल, तर सीचा मोठा डोस विचारल्याशिवाय घेऊच नये. जादा सीपासून शरीरात ऑक्झलेट, म्हणजे मूतखडा बनवणारा पदार्थ, तयार होतं, आणि सीमुळे लोह जास्त शोषलं जातं.

राहिली पुतणीची बाटली. रोझहिप तेल गरातून निघत नाही, ते आतल्या टणक दाण्यांतून निघतं. चिली देशात त्याचा मोठा धंदा आहे. सी पाण्यात विरघळणारं, आणि तेलात पाणी नसतं. म्हणजे शुद्ध रोझहिप तेलात सी जवळजवळ नसतंच. बाटलीवरचं ठळक वाक्य फळाबद्दल खरं आहे, तेलाबद्दल नाही. तेलात असतात लिनोलेइक आणि आल्फा-लिनोलेनिक ही दोन स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) आणि थोडी रंगद्रव्यं, ज्यांच्यामुळे त्याला नारिंगी झाक येते. कोरड्या कातडीला तेल लावल्यावर जो मऊपणा येतो तो याही तेलानं येतो, त्यात खोटं काही नाही.

पण ही दोन स्निग्धाम्लं आपल्याला परकी नाहीत. पहिलं आपल्या करडईच्या तेलात भरपूर आहे आणि दुसरं जवसात. सोलापूरच्या काळ्या रानात रब्बीला ही दोन्ही पिकं पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली. अशा तेलांचा स्वभाव एकच, ती हवा आणि उष्णता लागली की लवकर खवट होतात. मे महिन्यात 43-44 अंशांत टेबलावर ठेवलेली रोझहिपची बाटली फार दिवस चांगली राहायची नाही. पुतणीला मी ती हुंगायला लावली. जुन्या शेंगदाण्यासारखा वास येत होता. तेल खवट झालं होतं. असं तेल चेहऱ्याला लावू नये, चुणचुण होऊ शकते. नवी बाटली घेतलीच तर गडद काचेची, छोटी, आणि घरी आणल्यावर फ्रीजमध्ये.

सीसाठी मग काय करावं? माझं मत स्पष्ट आहे. सोलापुरात राहणाऱ्यानं सीसाठी वाळकी बोंडं विकत घेऊ नयेत. मंडईत हिवाळाभर पेरू असतो. त्याच्या 100 ग्रॅममध्ये 200 मिलिग्रॅमच्या वर सी मिळतं, आणि तो कच्चाच खातो, त्यामुळे नासाडी नाही. आवळ्यातही ते भरपूर असतं, आणि त्याच्या तुरट रसात ते बऱ्यापैकी टिकतं. भाकरीबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर रोज असली तरी पुष्कळ झालं. शिवाय लिंबातलं सी ज्वारी-बाजरीतलं लोह अंगी लागायला मदत करतं, हे ज्या घरात मुलींना रक्त कमी असल्याचं निदान होतं त्या घरानं विशेष लक्षात ठेवावं.

गुलाबाचं बोंड मला आवडतं ते वेगळ्या कारणानं. त्याच्यामुळे फूल कसं बनलंय हे डोळ्यांनी दिसलं. आणि त्यातून नवं झाड करता येतं. बी धरण्यासाठी मधमाशीनं दुसऱ्याच कुठल्या गुलाबाचा पराग आणला असेल, तर येणारं रोप आईसारखं नसतं. नव्या जाती करणारे लोक हेच हातानं करतात, एका गुलाबाचा पराग ब्रशनं दुसऱ्याला लावतात आणि बोंडाची वाट पाहतात. गुलाबाचं बी लगेच उगवत नाही, त्याला आधी थंडीचा मुक्काम लागतो. थंड देशांत तो बर्फाखाली आपोआप होतो.

आपल्याकडे फ्रीज आहे. दुसरं बोंड मी हातमोजे घालून फोडलं, अकरा बिया निघाल्या. लव धुऊन काढली, ओल्या वाळूत मिसळून लोणच्याच्या छोट्या बरणीत भरल्या आणि भाजीच्या खणात ठेवल्या. बरणीवर पुतणीनं तारीख घातली आहे. दोन महिन्यांनी कुंडीत पेरायच्या. सासूबाईंनी एक फांदी माझ्यासाठी वेगळी काढून दिली आहे, तिच्यावरचं फूल यापुढे खुडायचं नाही.